घरी एवढी गाडी असताना

ते साल दोन हजार एकोणीस. आदल्या वर्षी पाऊस रुसला होता, म्हणून त्या उन्हाळ्यात धरणात अडलेलं वैनगंगेचं पाणी कधी नव्हे एवढं मागं हटलं, आणि वैशाख लागता लागता बातमी आली की बुडालेलं जुनं गाव वर आलं आहे.

बातमी परसराम पाटलानं आणली. चुकलेली म्हैस शोधत तो काठाकाठानं गेला होता. परतला तो आपल्या घरी न जाता थेट मंगरूच्या ओसरीवर. पुनर्वसनाच्या या नव्या गावठाणात सगळी घरं एका मापाची, पाटलाचं कुठलं आणि बौद्धांचं कुठलं हे बाहेरून ओळखू येत नव्हतं. जुन्या गावात मात्र परसराम मंगरूच्या दारापर्यंत कधी आला नव्हता. दोघांच्या धानाच्या बांध्या एकमेकींना लागून, दोघांची उभी हयात बांधावर बोलण्यात गेलेली. पण ते बोलणं बांधावरच राहायचं.

"मंगरूभाऊ, तुझा पिंपळ उभा हाये ना गा!"

मंगरू खाटेवरून उठून बसला. ऐंशीला टेकलेला माणूस, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाट हेच त्याचं शेत झालं होतं.

"पानं हायेत?"

"पानं कुठची बापा! वाळून कोळसा झाला. पन उभा हाये. ओटा बी हाये, चिखलानं माखला तेवढा."

त्याची बायको लीलाबाई आत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. तो पिंपळ मंगरूनं छप्पन्न साली लावलेला. सोळा वर्षांचा पोरगा बापाबरोबर नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि आल्या आल्या मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यानं पिंपळाचं रोप लावलं. लीलाबाई लग्न होऊन आली तेव्हा ते झाड डोक्याएवढं होतं. पुढं त्याला ओटा झाला, ओट्यावर दर बुद्धपौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटली गेली, पोरांची नावं ठेवली गेली. गाव उठलं तेव्हा छपराच्या कवेलूंपासून दाराच्या चौकटीपर्यंत सगळं काढून आणता आलं. झाड कसं आणणार?

"पौर्णिमेले मले तेथं न्या," मंगरू म्हणाला. "एक डाव त्या ओट्यावर बसून वंदना करतो. मंग काई मांगत नाई मी."

धाकट्या अश्विननं त्याच संध्याकाळी नागपूरला मोठ्या भावाला फोन लावला, आणि अश्वजित उत्साहानं म्हणाला, "नेऊ ना! घरी एवढी गाडी असताना काय अडचण आहे? चिखलाबिखलासाठीच तर ती बनली आहे."

गाडी खरोखरच एवढी होती. काळी, उंच, परदेशी कंपनीची, आत कातडी बैठका आणि छताला उघडणारी काच. जमिनीचा मोबदला आला तेव्हा घरोघरी दुचाक्या, ट्रॅक्टर, बोलेरो आल्या. मंगरूच्या दारात ही आली. नागपूरच्या एका डॉक्टरनं मनसोक्त वापरून काढलेली, अश्वजितनं हेरलेली. अश्वजित वकील, कोर्टात त्याचं चालायचं, घरात त्याहून जास्त. पण त्याच्या फ्लॅटखाली ती मावेना, म्हणून राहायला गावी आली. बुडित शेतीबरोबर अश्विनची बैलजोडी विकली गेली होती, बंडी विकली गेली होती, गोठा रिकामा होता. गोठ्याची गव्हाण फोडून तिथं गाडी उभी राहिली.

आणि मग घराला कळलं की अशी गाडी घेणं एक आणि पोसणं दुसरं. तिला चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या, हवेच्या पिशव्या होत्या. रात्रीतून हवा गेली की सकाळी गाडी म्हशीसारखी पोट टेकून बसलेली असायची. चालू केली की पंप घरघरायचा आणि ती हळूहळू उठायची. टायर भंडाऱ्यात मिळत नव्हते. पुढच्या दिव्यात पाणी साचायचं. शेजारी धानाचे कट्टे रचलेले, त्या वासानं उंदीर आले आणि कट्टे सोडून गाडीच्या वायरी खाऊ लागले. दर वेळी समोरच्या पडद्यावर नवा पिवळा दिवा लागायचा. मंगरू खाटेवरून विचारायचा, "आज कोनता कंदील लागला गा?"

तरी लीलाबाईचा जीव त्या गाडीवर होता. का, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अश्वजित आला. त्याची बहीण रत्नमाला तिरोड्याहून एसटीनं आली. जिल्हा फुटला तेव्हा तिचं सासर गोंदियात गेलं आणि माहेर भंडाऱ्यात राहिलं. त्यावरून भाऊ तिला अजून "परजिल्ह्याची पाव्हणी" म्हणायचे. रात्री गप्पा झाल्या, हसणं झालं. सकाळी मंगरूनं पांढरं धोतर, पांढरा सदरा घातला. अश्विनच्या बायकोनं, उषानं, खीर शिजवून डब्यात भरली, आणि अंगण झाडायला गेली ती झाडू हातात घेऊनच परत आली.

"आत्याबाई, गाडी बसली जी."

"बसू दे," अश्विन दात घासता घासता म्हणाला. "आज पौर्णिमा हाये, तिले बी उपास असंल."

"थट्टा नको," अश्वजित म्हणाला. "चालू केली की उठेल."

त्यानं चालू केली. पंप घरघरला. गाडीनं पुढचा एक गुडघा उचलला, मग दुसरा. मागचा भाग जमिनीलाच. उठताना पाय घसरलेल्या जनावरासारखी ती क्षणभर तिरपी राहिली, आतून लांब सुस्कारा आला आणि परत बसली. पडद्यावर या वेळी लाल दिवा होता.

"परवाच तर दाखवून आणायला सांगितलं होतं तुला!" अश्वजित ओरडला.

"कोनाले दाखवू? पवनीचा मिस्त्री हात लावत नाई. नागपूरले न्यायची तं दिवस मोडतो."

"एक गाडी सांभाळता येत नाही तुला."

"दादा, तुमी महिन्यातून एक डाव येता, काच पुसता, फोटो काढता. इचा रोजचा नवरा मी हाओ! कोनत्या रात्री इची हवा जाईल म्हनून झोप नाई मले."

"कट्टे तिच्याजवळ तू रचले. उंदीर तू आणले."

"मंग कट्टे कुठं रचू? तुमच्या फ्लॅटात?"

"अरे, भांडा तुमी!" रत्नमाला मधे पडली. "बाबा तिकडं कपडे घालून बसले हायेत. दादा, तू घेतली ना हौसेनं? मंग आता कर काई तरी. अश्विन काय करणार?"

कालच्या रात्रीपर्यंत रत्नमाला गाडीच्या बाजूची होती. तिच्या सासरी त्या गाडीमुळे तिचा मान वाढला होता. ती अशी अश्विनकडे वळलेली पाहून अश्वजितनं खिशातून फोन काढला. पवनीच्या मिस्त्र्याला बोलावणं गेलं. तो आला, गाडीला यंत्र लावून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. पंप गेला होता, मागची पिशवी फाटली होती. सामान मुंबईहून मागवावं लागेल म्हणाला. तशीच ओढली तर चाकं अंगाला घासतील.

ऊन चढायला लागलं होतं. मंगरू ओसरीवर काठी धरून बसला होता, खिरीचा डबा शेजारी. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं.

तेवढ्यात घुंगरं वाजली. दारात परसरामची बंडी उभी. तिच्यात धानाची तणस भरपूर अंथरलेली, वर सतरंजी, पाठीला उशी. बैल धुतलेले, शिंगांना तेल लावलेलं. रोजच्या वापरातली बंडी आणि रोजचे बैल असे कोणी सजवत नाही. म्हणजे गाडी बसायच्या आधीच त्याच्या मनात हे आलेलं असणार.

"चाल मंगरूभाऊ. बंडीले कंदील नाई लागत."

मंगरू हसला. दोन्ही हात काठीवर रोवून उठायला लागला.

"थांबा," लीलाबाई म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढं ती दुसरी बंडी उभी होती. ती नवरी होती तेव्हाची. जुन्या गावात त्यांच्या मोहल्ल्याचा रस्ता पाटलाच्या ओसरीसमोरून जायचा. वेशीतल्या कडुनिंबाखाली बंडी थांबली आणि मोठी जाऊ म्हणाली, उतर. आपल्या माणसांनी त्या ओसरीसमोरून बसून जायचं नसतं. दीक्षा झाली होती, पण रस्ता जुनाच होता. लीलाबाई उतरली. पायातल्या नव्या चपला काढून हातात घेतल्या आणि वैशाखाच्या फुफाट्यातून, सगळ्यांच्या देखत, चालत गेली. ओसरीवर एक दहा-बारा वर्षांचा पोरगा आंबा चोखत बसला होता. तो परसराम. त्यानं आंबा चोखायचं थांबवून तिच्या पायांकडे पाहिलं होतं.

पुढं ती चाल मोडली. तिच्याच पोरांच्या पिढीनं मोडली. पण लीलाबाई त्या रस्त्यानं नेहमी पायीच गेली. कोणी बंडीत बस म्हटलं तरी नाही. आणि गाडी दारात आली त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं होतं, गाव पाण्याखाली नसतं तर आता या गाडीत बसून, काच खाली करून, त्या ओसरीसमोरून गेली असती. आता गाव वर आलं होतं.

"पाटील, तुमची बंडी चांगली हाये," ती म्हणाली. "पन त्या रस्त्यानं आमी आमच्या गाडीतून जाऊ."

परसरामच्या हातातला कासरा सैल झाला.

"वयनी," तो हळू म्हणाला, "मी पोरगा होतो तवा."

"मले मालूम हाये."

रत्नमाला दोघांकडे पाहत राहिली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण परसरामचं तोंड पाहून तिला एवढं कळलं की हे आजचं नाही.

अश्वजित आईच्या बाजूनं सरसावला. "आई बरोबर म्हणते. घरी एवढी गाडी असताना बाबांना बंडीतून न्यायचं? अर्ध्या गावानं हसायचं? एक रविवार थांबा. सामान आलं की मी स्वतः नेतो."

"गाव हासंल तं हासू दे," अश्विन म्हणाला. "बाबाले जायचं हाये, गावाले नाई."

"जाऊ द्या ना आत्याबाई," उषा पदराआडून म्हणाली. "खीर बी गरम हाये."

"तुले कोनं इचारलं व?" लीलाबाई कडाडली. एरवी ती सुनेशी असं बोलत नसे.

मग रत्नमालाही डगमगली. "माय म्हनते ते एका परीनं खरं हाये. बंडीचे हिसके, बाबाचा खुबा... काई झालं तं?" अश्विननं बहिणीकडे असं पाहिलं की तिनं मान खाली घातली. ज्याचं त्याचं कारण खरं होतं. लटकं कोणाचंच नव्हतं.

मंगरू अजून अर्धवट उभाच होता.

"लीले, मले पिंपळ पायजे," तो म्हणाला. "रस्ता नाई."

"मले रस्ता पायजे."

सत्तावन्न वर्षांच्या संसारात लीलाबाईनं नवऱ्याजवळ काही मागितल्याचं तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. त्यालाही आठवत नसावं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि खाली बसला.

"बरं. तू म्हनशीन तसं."

परसरामनं बंडी वळवली. वळताना घुंगरं पुन्हा वाजली. त्या दिवशी वंदना नव्या विहारात झाली, सिमेंटच्या फरशीवर, पंख्याखाली. मंगरूनं खीर खाल्ली आणि चांगली झाली म्हणाला.

एक रविवार गेला. सामान आलं ते दुसऱ्याच मॉडेलचं. परत पाठवलं. गाडी ट्रकवर चढवून नागपूरला नेली आणि तिथल्या गॅरेजात उभी राहिली. तिच्याआधी तशाच आजारी गाड्यांची रांग होती. पंप बसवला तर पिशवी नाही, पिशवी आली तर कारागीर रजेवर. अश्वजित फोनवर सांगायचा, "आई, टेन्शन नको घेऊ. या रविवारी नक्की." रोहिण्या कोरड्या गेल्या. मृग लागला. अश्विननं राहिलेल्या वरच्या बांधीत धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले. गोठा रिकामा होता, तरी मंगरू रोज सकाळी उषाला विचारायचा, "बसली का उठली?" आणि उषा म्हणायची, "उठून राहिली जी, उठून राहिली."

परसराम त्या दिवसांत ओसरीवर आला नाही. एकदा अश्विन गुपचूप त्याच्याकडे गेला: माय भंडाऱ्याला दवाखान्यात जाणार आहे, तेवढ्यात बाबाला नेऊन आणू. परसराम म्हणाला, "वयनीच्या पाठीमागं नाई नेत मी. तिनं म्हनावं." अश्विननं हे मायला सांगितलं नाही, उषानं सांगितलं. लीलाबाई त्या रात्री जेवली नाही. एक शब्द टाकायचा होता, पाटील, न्या ह्यांले, एवढाच. सकाळी टाकू म्हणाली. सकाळी अश्वजितचा फोन आला की गाडी तयार झाली.

गाडी आली तेव्हा आषाढ लागला होता. झाडीपट्टीत अजून पावसाचा थेंब नव्हता, पऱ्हे पिवळे पडत होते. पण वर बालाघाटकडं पाऊस कोसळला होता. पाऊस त्यांचा, पूर आपला, असं नदीकाठची माणसं म्हणतात. मंगरूला पुढच्या सीटवर बसवलं. लीलाबाई मागं, इस्त्रीच्या पांढऱ्या पातळात. आत गारवा होता, खड्डे कळतही नव्हते. "पाळण्यावानी हाये गा," मंगरू म्हणाला, आणि अश्वजितचा चेहरा फुलला.

टेकाडावरून गाडी उतरली आणि थांबली. पुढं रस्ता सरळ पाण्यात गेला होता. कडुनिंब नाही, ओसरी नाही. गढूळ, शांत, पसरलेलं पाणी.

"काच खाली कर," मंगरू म्हणाला.

अश्वजितनं बटण दाबलं. आत काहीतरी कुरकुरलं. काच हलली नाही. पुन्हा दाबलं. मग अश्विन खाली उतरला आणि त्यानं बापाच्या बाजूचं दार उघडलं. गरम वारा आत आला. मंगरू पाय बाहेर सोडून बसला. गाडी एवढी उंच की त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

खूप लांब, पाण्यातून दोन-चार वाळक्या फांद्या वर आल्या होत्या.

"तोच हाये," मंगरू म्हणाला. "दिसला. लीले, तुले दिसला का?"

लीलाबाईनं पाहिलं. त्या फांद्या उजवीकडं होत्या, धोब्याच्या घाटावरच्या जुन्या बाभळीच्या. पिंपळ डावीकडं, कडुनिंबाच्या पलीकडं. त्या गावात तिनं पन्नास वर्षं पाणी भरलं होतं. डोळे बांधले तरी तिला दिशा चुकली नसती. त्यालाही चुकली नव्हती, हे तिला त्याच्या आवाजावरून कळलं.

"दिसला," ती म्हणाली.

"मंग चाला आता घरी."

मंगरू त्याच हिवाळ्यात गेला. पौषातली थंडी छातीत बसली आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. शेवटच्या दिवशीही त्यानं उषाला गाडीचं विचारलं होतं.

गाडीची किल्ली त्यानंतर कोणी मागितली नाही. बॅटरी उतरली, ती बसली ती उठलीच नाही. खाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. पुढं एक भंगारवाला आला आणि ती ट्रकवर चढवून घेऊन गेला. तिचे नंबरप्लेटचे दोन पत्रे अश्विनच्या गोठ्याच्या खिडकीला लागले. गोठ्यात त्यानं दोन म्हशी बांधल्या. उषा मात्र अजून सकाळी झाडू घेऊन गेली की आधी त्या कोपऱ्यात वाकून पाहते. अश्वजित नागपुरात मोठा वकील झाला, लहानशी नवी गाडी घेतली, आणि ती गावी आणली की वेशीवर उभी करून घरापर्यंत पायी येतो. भावाभावांचं बोलणं बापाच्या दरसालच्या पुण्यानुमोदनाला होतं तेवढं. बाकीचं रत्नमाला फोनवरून इकडचं तिकडं करते, आणि दोघांनाही, तू बरोबर आहेस, म्हणते.

मंगरू गेला त्यानंतरच्या वैशाखात साथीमुळं सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. रस्त्यावर चाक दिसत नव्हतं. पाणी त्या वर्षीही उतरलं. पौर्णिमेच्या सकाळी लीलाबाई खिरीचा डबा घेऊन परसरामच्या दारात जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

"पाटील, मले न्या."

परसरामनं लगेच बैल सोडले. बंडी जुंपली, तणस अंथरली. शेताशेतानं दोघं गेले. जिथं कडुनिंब होता तिथं परसरामनं बैल थांबवले. लीलाबाईनं डबा सावरला. तिला वाटलं, उतरायचं असेल. पण परसरामच खाली उतरला. चपला काढून हातात घेतल्या, दुसऱ्या हातात कासरा धरला, आणि वाळलेल्या, भेगाळ चिखलातून, आपल्याच बापजाद्यांच्या ओसरीच्या जोत्यासमोरून, तो म्हातारा अनवाणी चालत गेला. मागं बंडीत लीलाबाई बसून होती.

परसराम पुढच्या वर्षीच्या साथीत गेला. लीलाबाई आहे. थकली आहे, पण आहे. त्या दिवसाचं ती कोणापाशी बोलत नाही. फार विचारलं तर एवढंच म्हणते, की रस्ता मले भेटला. पिंपळ आदल्या पुरात पडून वाहून गेला होता.